कबरीची आळणी

आमच्या घरात सगळ्यात जास्त खाणारा माणूस एका उन्हाळ्यात जेवायचा थांबला, तेव्हाची ही गोष्ट आहे. तो माझा चुलता, आबांचा धाकटा भाऊ किसन. मी त्याला तात्या म्हणायचे आणि लोणावळ्याची अख्खी बाजारपेठ त्याला पैलवान म्हणायची. दिवसा तो भुसाराच्या दुकानात पोती उचलायचा आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत घुमायचा. त्याच्या खुराकाभोवती आमच्या घराचा दिवस फिरत असे. पहाटे आई पाट्यावर बदाम वाटायची, त्या घरघरीनंच मला जाग यायची. मग थंडाईचा तांब्या, मग तूप सोडलेलं दूध, दुपारी तांदळाच्या भाकऱ्यांची चवड, आणि बाजाराच्या दिवशी मटणाची आळणी. आळणी म्हणजे मटण शिजवून काढलेलं पाणी, तिखटाचं बोट न लावलेलं. नाव आळणी असलं तरी आई तिच्यात मीठ घालायची, कांदा घालायची आणि मूठभर लसूण ठेचून टाकायची. तात्या ती वाटीनं प्यायचा नाही, तांब्यानं प्यायचा, आणि प्यायल्यावर मिशा पुसत म्हणायचा, "वयनी, आता हत्ती आणा." आईला या वाक्याचा कधी कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

घर बाजाराच्या मागच्या बोळात होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर कौलं. आबा रेल्वेत सांधेवाले होते. घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सोडवताना जो खणखणाट होई, तो आमच्या माजघरात भांडी पडल्यासारखा ऐकू यायचा. पाहुणे दचकायचे, आम्हाला मात्र तो आवाज आला नाही की चुकल्यासारखं व्हायचं. आमचं मूळ गाव आंदर मावळात. तिथून वर्षाचा आंबेमोहोर यायचा, तुपाचं गाडगं यायचं, आणि गावच्या जत्रेचं आवतण यायचं. जत्रेतल्या कुस्त्यांना तात्या दर साल जायचा आणि फेटा बांधून परत यायचा. त्या वर्षी तो बैलगाडीत आडवा होऊन आला. समोरचा गडी अंगावर पडला आणि तात्याची नडगी मोडली. आबा फडाच्या अगदी पुढं बसले होते. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता, पण तो कसा होता ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

हाडवैद्य आला. त्यानं पाय ओढून बसवला, लेप दिला, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. जाताना त्यानं आईला ओसरीवर बोलावलं. "भाताच्या लोंब्या निसवंपत्तोर पाय भुईला लावू देऊ नगा. आनि खायाला घाला चांगलं. हाड काय माझ्या लेपानं जुळत न्हाई, खाल्लेल्यानं जुळतंय." आईनं मान डोलावली. खायला घालणं हे तर तिच्या हातचंच काम होतं.

पण तात्या खाईना. माजघरातल्या खाटेवर तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. आई दूध ठेवायची, त्यावर साय धरायची, मग त्यात माशी पडायची. भाकरी वाळून जायची. तालमीतले वस्ताद दोनदा येऊन बसून गेले. तात्या त्यांच्याशी "व्हय" आणि "न्हाई" याच्यापुढं बोलला नाही. आबा कामावरून आले की खाटेच्या कडेला बसायचे, पण दोघं भाऊ बोलण्यातले नव्हते. नुसते बसून राहायचे आणि थोड्या वेळानं आबा उठून हातपाय धुवायला जायचे. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या दंडाचं मांस महिनाभरात सैल झालं. मला त्याच्याकडं बघायला भीती वाटू लागली. आजारी माणसाची वाटते तशी ती भीती नव्हती. ओळखीचं घर कुणी आतून रिकामं करून ठेवावं, तसं काहीतरी वाटायचं.

मग पावसाळा लागला. लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे धुकं घरात येऊन बसतं, मीठ पाझरतं आणि कपडे चुलीवर टांगून वाळवावे लागतात. अशाच दिवसांत कधीतरी माजघराच्या भिंतीच्या आणि कौलांच्या मधल्या फटीतून एक मांजरी आत आली. करड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, एक कान फाटलेली, पाठीचा कणा मोजता येईल अशी. ती खाटेखाली जाऊन बसली. ती कधीपासून येत होती हे आम्हाला कळलं नाही. कळलं ते एवढंच, की तात्याच्या ताटल्या रिकाम्या परत येऊ लागल्या. आईच्या चेहऱ्यावर रंग आला. ती पुन्हा पहाटे बदाम वाटू लागली. बाजाराच्या दिवशी आबांनी मटण आणलं, आईनं घसघशीत लसूण ठेचून आळणी केली, तांब्या रिकामा परत आला, आणि आई चुलीपुढं बसून बराच वेळ हसत होती.

हे सगळं फुटलं ते वासानं. एका दुपारी माजघरात घाण वास सुटला म्हणून आईनं खाट सरकवायला मला हाक मारली. खाली मांजरीनं हगवणीनं सगळी जमीन भरून ठेवली होती, आणि मधोमध दुधाची वाटी होती, चाटून लख्ख केलेली. आई खाली वाकली होती ती तशीच राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचा खुराक मांजरीनं खाल्ला व्हय?"

तात्या भिंतीकडं बघतच बोलला. "ती तरी खाती, वयनी."

मला वाटलं, आता आई कडाडेल. पण तिनं राख आणली, जमीन सारवून घेतली, हात धुतले आणि ती बाहेर गेली. मांजरीला मात्र कुणी हाकललं नाही. त्या दिवसापासून ती उघडपणे घरात वावरू लागली आणि आम्ही तिला कबरी म्हणू लागलो.

आता मी तळेगावला राहते. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली भटक्या मांजरांचा राबता आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या मुली त्यांना मोठ्या प्रेमानं बशीत दूध घालतात. मी त्यांना सांगते, अगं, दुधाऐवजी पाणी ठेवा, मोठ्या मांजराला दूध सोसत नाही. त्या माझ्याकडं अशा बघतात, की म्हातारीनं काहीतरी जगाविरुद्धच काढलं. मांजर आणि दूध ही जोडी माणसाच्या मनात इतकी घट्ट बसली आहे, की मांजराच्या पोटाला कुणी विचारतच नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. दूध बंद झालं ते आईनं जमीन सारवून कंटाळून बंद केलं. त्याऐवजी कबरीला तात्याच्या ताटातलं सगळं मिळू लागलं. भाकरी आळणीत कुस्करून, खारवलेल्या बोंबलाचं शेपूट, कांद्याच्या रश्श्यातला भात. ती भुकेली होती, खायची. मी एकदा तिच्यापुढं गुडदाणीचा, म्हणजे चिक्कीचा, तुकडा ठेवला. लोणावळ्यात गुडदाणीला नाही म्हणणारा प्राणी मी तोवर पाहिला नव्हता. कबरीनं हुंगलं आणि दगड ओलांडावा तशी ती तो ओलांडून गेली.

आणि मग तीही खायची थांबली. खाटेच्या पायाशी पोटाखाली पाय घेऊन बसून राहायची. फटीकडं उडी मारायला गेली आणि निम्म्यातून खाली पडली. बोंबील पुढं धरला तर तोंड फिरवलं. तात्या दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तो कोपरावर उठून खाटेखाली हात घालून तिला चाचपत होता. इतक्या दिवसांत त्यानं आपण होऊन केलेली ही पहिली हालचाल.

"चंदे," तो मला म्हणाला, "ही थंडगार लागतिया. कुनाला तरी दावाय पायजे."

"कुणाला दाखवणार? मांजराचा वैद्य असतो का?"

"तू तांदूळ द्याया जातीस त्या बंगल्यातल्या बाईकडं मांजरं हायेत न्हवं का? तिला इचार."

तो बंगला वळवणच्या बाजूला होता. मुंबईच्या लोकांचे बाकीचे बंगले पावसाळ्यात बंद असायचे, पण या पारशी बाई छातीच्या दुखण्यामुळे बारा महिने इथंच राहायच्या. त्यांचं नाव बानूबाई. आमच्या गावचा तांदूळ त्यांना आवडायचा आणि तो पोचवायचं काम माझ्याकडं होतं. त्यांच्याकडं मांजरं किती, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नसे. खुर्चीत मांजर, पियानोवर मांजर, भाजीच्या टोपलीत मांजर. मी कबरीला दुरडीत घातलं, वर फडकं बांधलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि निघाले. वाटेत दुरडीतून एकदाही आवाज आला नाही. मांजर दुरडीत गप्प बसलं की काळजी करावी, हे मला तेव्हाही कळत होतं. मी धावतच गेले.

बानूबाईंनी चष्मा लावला, कबरीला मांडीवर घेतलं आणि बोटानं तिचा ओठ वर उचलला.

"बघ डिकरी, हिच्या हिरड्या बघ. कागदासारख्या सफेत. रगत नाय राहिलं अंगात. काय खायला घालते हिला?"

मी सगळं सांगितलं. आळणीपर्यंत आल्यावर त्यांनी मला हातानं थांबवलं.

"त्याच्यात कांदा?"

"कांदा आणि लसूण. आई खूप घालते. तात्या पैलवान आहे."

"पैलवानला चालते. मांजराला कांदा-लसूण म्हणजे झेर. रगत पाणी करते. माझी एक सोन्यासारखी मांजर अशीच गेली, तेव्हा मला समजलं." त्यांनी कबरीच्या फाटक्या कानामागं खाजवलं. मग सावकाश, माझ्या लक्षात राहील अशा बेतानं त्या बोलत राहिल्या. मटण द्यायचं तर नुसत्या पाण्यात उकळून, हाड काढून. शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं आणि आतडं फाडतं. कोंबडी चालेल, अंडं उकडून चालेल, ताजी मासळी उकडून काटा काढून चालेल. खारवलेले बोंबील नाहीत, त्यात मीठ फार. भात असला तर घासभर, लाल भोपळा उकडून बोटभर. चहा नाही, दूध नाही. "आणि तुझ्या पैलवानचे बदाम-मनुका पैलवानलाच ठेव. मनुका तर मुळीच नाय द्यायची. पाणी मात्र सारखं ठेव."

"वाचेल का ती?"

"ते मला नाय ठाऊक. खाईल तर वाचेल."

घरी येऊन मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. आई चुलीपाशी होती. 'खाईल तर वाचेल' म्हटल्यावर तिनं वर बघितलं, पण माझ्याकडं नाही, खाटेकडं. तात्यानं ते पाहिलं की नाही कोण जाणे. त्याचा हात कबरीच्या पाठीवर होता.

त्याच संध्याकाळी आबा मटण घेऊन आले. बाजाराचा दिवस नव्हता, तरी आणलं. आईनं छोट्या पातेल्यात ते नुसत्या पाण्यात चढवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खरीखुरी आळणी केली. शिजल्यावर पातेलं घेऊन ती खाटेपाशी आली आणि म्हणाली, "भावजी, माजे हात पिठाचे हायेत. हाडावरलं मटन तुमीच सोडवा."

तिच्या हातांना पीठ नव्हतं. मी ते बघत होते.

हाडावरचं मटण आडव्यानं सोडवता येत नाही. तात्यानं दोन्ही हात खाटेवर टेकले, दात दाबले आणि तो उठून बसला. कपाळावर घाम आला. आबा पुढं सरले, पण आईनं त्यांना डोळ्यानं मागं ठेवलं. तात्यानं मटणाचे तंतू सोडवले, एकेक बोटात चोळून हाडाची कणी राहिली नाही ना ते बघितलं, आणि कबरीपुढं धरले. तिनं वास घेतला नाही. त्यानं एक तंतू आळणीत बुडवून तिच्या ओठाला लावला. ती जीभ हलवेना. पुन्हा लावला. "खा गं," तो म्हणत होता, "खा म्हंतोय न्हवं, अशी पडून काय हुयाचं हाय तुजं?" बाहेर पागोळ्या गळत होत्या, यार्डात कुठल्याशा गाडीचं इंजिन सोडवत होते. खूप वेळानं कबरीची जीभ बाहेर आली आणि तिनं ओठावरचं चाटलं. मग त्याच्या बोटावरचं. मग तंतू.

पातेल्यात अजून मटण होतंच. आई म्हणाली, "कसाई काय मांजरीच्या मापानं देत न्हाई. ऱ्हायलेलं म्या कुटं घालू?"

तात्या थोडा वेळ पातेल्याकडं बघत राहिला. मग त्यानं एक घास तोंडात टाकला. सावकाश चावला.

"वयनी, ह्येच्यात मीठ न्हाई."

"मांजरीला मीठ चालत न्हाई."

"आनि मी काय मांजर हाय?"

आईनं मिठाचं गाडगं त्याच्यापुढं ठेवलं आणि ती ओसरीवर निघून गेली. तिथं ती पागोळ्यांखाली ठेवलेली घागर कितीतरी वेळ सरळ करत होती. घागर मुळात वाकडी नव्हती. आबा भावाशेजारी जाऊन बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते काहीतरी बोलले. वळवणच्या धरणाला पाणी किती चढलं, असलं काहीतरी. पण बोलले.

पुढचे दिवस आमच्या घरात स्वयंपाक खाटेभोवती झाला. कबरी बरी व्हायला वेळ लागला. एक दिवस खायची, एक दिवस नुसती पडायची. हिरड्या गुलाबी झाल्या का, हे बघायला मी रोज तिचा ओठ उचलायचे आणि रोज बोचकारून घ्यायचे. बोचकारा जोरात बसू लागला तशी मला खात्री वाटू लागली. तात्यानं शेगडी खाटेजवळ मागून घेतली. अंडं किती वेळ उकडलं की बलक कोरडा होतो, भोपळ्याची फोड कधी बोटानं दबते, हे तो एखादा डाव बसवावा तसं मन लावून बघायचा. डोंगराकडची एक ठाकरीण भाताच्या खाचरात चढलेले ताजे मासे घेऊन बाजारात यायची. आई तिच्याकडून मूठभर आणायची आणि तात्या काटा न् काटा काढत बसायचा. एवढ्या जाड बोटांना इतकं बारीक काम कसं जमतं, असं आबा मला हळूच म्हणायचे. कबरीला घालून झालं की उरलेल्याला फोडणी द्यायची आणि ते आम्ही सगळ्यांनी खायचं. तात्याही खायचा. आधी उरलेलं म्हणून खाल्लं, मग भूक लागली म्हणून. आई भावजींना काही सांगायची नाही. फक्त पातेलं दिवसेंदिवस मोठं होत गेलं.

कबरीनं धान्याच्या कणगीमागं उंदीर मारला, त्याच सुमाराला गावाकडं भात निसवलं आणि हाडवैद्य येऊन कामट्या सोडून गेला. हाड जुळलं होतं. पण पाय बोटभर आखूड पडला होता. हाडवैद्यानं दोनदा दोन्ही पाय जोडून पाहिले आणि मान खाली घातली. "चालशील," तो म्हणाला, "पर फडात उतरू नगंस." आम्ही सगळे तात्याकडं बघत होतो. तो म्हणाला, "बरं," आणि काठी मागून घेतली.

चालता येऊ लागल्यावर त्याला पहिल्यांदा जायचं होतं ते बानूबाईंकडं. कबरीला दाखवायला म्हणून आम्ही तिला पुन्हा दुरडीत घातलं. या खेपेला ती वाटभर ओरडत होती. बंगल्यावर गोंधळ होता. बाईंचा गोव्याचा आचारी लेकाकडं कायमचा निघून गेला होता, स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता आणि मांजरं भुकेनं बाईंच्या पायात घोटाळत होती. तात्या दारातच उभा होता. मग त्यानं काठी भिंतीला लावली, विचारल्याशिवाय आत गेला, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि कोंबडीचं मांस सोडवायला बसला. एकेक तंतू बोटात चोळून. बानूबाई चष्म्यातून बघत राहिल्या.

"तू हितं राहशील?" त्यांनी विचारलं. "माझं करशील, ह्यांचं करशील?"

तात्यानं मांजरांपुढं बशा ठेवल्या, हात धुतले, नमस्कार केला आणि तो निघाला. परतताना वाटेत एका मोरीच्या कठड्यावर तो बसला. दुरडी मांडीवर घेऊन.

"पैलवान मानसाला मांजरांची चूल फुकाय बोलिवत्यात," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही.

मला वाईट वाटलं. पण मी विचारलं, "तुला नाही आवडत?"

समोरच्या डोंगरावरचं धुकं उतरून पुन्हा वर गेलं. "आवडतंय," तो म्हणाला. "त्येच तर अवघड हाय."

त्या आठवड्यात बातमी बाजारात फिरली आणि लोकांनी करायचं ते हसू करून घेतलं. भुसाराच्या दुकानावर कुणी म्हणालं, किसन पैलवान आता बोक्यांना डाव शिकवणार. गावाकडून निरोप आला, की शेतावर ये. आबा म्हणाले, "किसन, तू जे करशील त्येला माजी ना न्हाई." एका सकाळी तात्या मला सोबत घेऊन तालमीत गेला. आत मुली जात नसत, मी दारातून बघत होते. हौद्यात पोरं घुमत होती. तात्या कडेला उभा राहिला, काठी खाली ठेवली आणि त्यानं एक बैठक मारून बघितली. निम्म्यात पाय लटपटला. दोन पोरं धावली, त्यानं त्यांना हातानं लांब ठेवलं आणि आपला आपण उठला. वाकून हौद्यातली लाल माती कपाळाला लावली. वस्ताद जवळ आले. म्हातारा कडक माणूस, कधी कुणाच्या पाठीवर थाप मारलेली नाही. ते म्हणाले, "किसन, आमच्या पोरांचा खुराक अर्धा कच्चा असतो. येत जा मंगळवारी. शिकिव."

"मंगळवारी येतो," तात्या म्हणाला. "बाकीचे दिवस मला काम हाय."

तो तालमीतून परस्पर बंगल्यावर गेला. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तिनं हात थोडा थांबवला, परातीतलं निम्मं कोरडं पीठ परत डब्यात घातलं आणि पुन्हा थापू लागली.

बानूबाई वारेपर्यंत तात्या त्यांच्याकडं राहिला, आणि त्या गेल्यावरही त्यांच्या भाच्यानं त्याला तिथंच ठेवलं. त्यानं लग्न केलं, त्याची पोरं त्या आवारात वाढली. कबरी मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. ती आमच्याकडंच राहिली, आईच्या सुपात निजायची, आणि काही वर्षांनी एका थंडीत यायची थांबली. भटक्या जनावराचं असंच असतं. आम्ही काही दिवस फटीकडं बघत होतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या हिवाळ्यातल्या एका रविवारचं. तात्यानं आम्हाला बंगल्यावर जेवायला बोलावलं. स्वयंपाकघराच्या मागं दगडी ओटा होता, तिथं ऊन पडायचं. त्यानं ओटा धुऊन ठेवला होता, पाट मांडले होते. तांदळाच्या भाकऱ्या, भरलं वांगं, कोंबडीचा रस्सा, बानूबाईंनी शिकवलेली अंड्याची भाजी. मांजरांचं आधीच उरकलेलं होतं आणि ती ओट्याच्या कडेनं पाय चाटत बसली होती. आबा पाटावर बसायला वाकले, तर तात्या म्हणाला, "दादा, जरा थांब." मग आईकडं वळून म्हणाला, "वयनी, आदी तुमी बसा."

आमच्या घरात आई कधी आधी जेवली नव्हती. ती चुलीशी बसून, सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते जेवायची, आणि ती जेवते कधी हे मला आठवून सांगता आलं नसतं. तिनं आबांकडं पाहिलं. आबा बागेतल्या झाडांकडं बघत होते आणि त्यांना तिकडं काहीतरी फार महत्त्वाचं दिसत असावं. आईनं पदर सारखा केला आणि ती बसली. तात्यानं वाढलं. तिनं पहिला घास घेईपर्यंत तो काठीला टेकून उभा राहिला. ती खाली मान घालून जेवत होती, सावकाश, परक्या घरी जेवावं तशी. पहिली भाकरी संपली. आता ती उठेल असं मला वाटलं. तिनं ताटातला रस्सा बोटानं निपटला, एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "भावजी, अजून एक वाढा. गरम असंल ती."